गाठवाल्याचं वायरिंग

मंगळवार, ३ सप्टेंबर

आजपासून ही वही. हे म्हणाले, "दिवसभर गाड्यांशी भांडतेस आणि घरी आलीस की सगळं पुराण माझ्या कानात ओततेस. मला दोनच कान आहेत. वहीत लिही." तीस वर्षं शाळेची गाडी चालवून यांचे कान आधीच पोरांनी खाल्लेत, म्हणून मी वाद घातला नाही. बॅटरीवाल्याने जानेवारीत फुकट दिलेली डायरी कोरी पडली होती, ती घेतली.

तर आज दुकानात एक म्हातारी आली. म्हणजे गाडी. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, बासष्टची असेल. गोल दिवे, पुढून बघितलं की डोळे वटारल्यासारखी दिसते. मालक दातांचे डॉक्टर. तीन वर्षांपूर्वी हौसेने घेतली म्हणे, पण अंधार पडायच्या आत घरी यावं लागतं. "ताई, दिवे लावले तरी लागलेत की नाही हे उतरून बघावं लागतं," म्हणाले. सोबत दुप्पट ताकदीचे बल्ब घेऊन आले होते. हे बसवा म्हणाले.

मी म्हटलं, "डॉक्टर, दात मुळात हलत असेल तर तुम्ही त्याला सोन्याची टोपी घालता का?"

त्यांनी बल्ब परत पिशवीत घातले. गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत सांगितलं की लवकर कळतं.

मीटर लावला. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट, दिव्याच्या होल्डरवर जेमतेम पावणेदहा. बाकीचे वाटेत खर्च. जुन्या गाड्यांचं हेच दुखणं. दिव्याचा सगळा करंट बारीक वायरीतून डॅशबोर्डवरच्या स्विचपर्यंत जातो आणि तिथून परत पुढे येतो. स्विच हाताला चटका देण्याइतका तापला होता. त्यात जोरदार बल्ब घातला असता तर डॉक्टरांची हौस धूर होऊन निघाली असती. उपाय सोपा आहे. दोन रिले बसवायचे, एक अपरला म्हणजे लांबच्या झोताला, एक डिपरला म्हणजे जवळच्या. बॅटरीतून जाड वायर फ्यूज घालून थेट रिलेला आणि तिथून दिव्याला. जुन्या वायरीने मग फक्त निरोप द्यायचा, लाग किंवा विझ. ओझं जाड वायरीने वाहायचं. डॉक्टर म्हणाले, मग सगळं जुनं उपटूनच टाका. बघू म्हटलं.

डॉक्टर गेल्यावर उजवा दिवा काढला. मागे वायर वीतभर जास्त ठेवलेली होती, गोल वळवून, मेणाच्या दोऱ्याने बांधून.

दिवा होता तसा परत बसवला. शटर ओढलं आणि चारलाच घरी आले. यांनी विचारलं, बरं नाही का? म्हटलं, डोकं दुखतंय.

बुधवार, ४ सप्टेंबर

ते दादाचं काम आहे. माझ्या भावाचं.

काल लिहवलं नाही. आज डावा दिवा काढला, त्याच्याही मागे तेच. जास्तीची वीतभर वायर. दादा म्हणायचा, "छोटे, आपण जोडतो ती वायर कधी ना कधी दुसरा कुणीतरी कापणार आहे. पुढच्या माणसाला पुरली पाहिजे." बाकीचे वायरमन वायर मोजून मापून ताणतात, चार पैसे वाचवतात. आणि ते दोऱ्याने बांधणं! आता सगळे टेप गुंडाळतात, उन्हाने चिकट होऊन हाताला लागतो. दादा चांभाराकडून मेणाचा दोरा आणायचा आणि वायरींचा जुडगा वेणीसारखा बांधायचा. असं बांधणारी दोनच माणसं मला ठाऊक आहेत. एक तो. दुसरी मी, त्यानेच शिकवलेली.

एकोणीस वर्षं झाली त्याला जाऊन. म्हणजे गेला तसा नाही. निघून गेला. आहे की नाही तेही माहीत नव्हतं. दोरा मात्र जुना नाही, पाच-सहा वर्षांचा असेल. पाच-सहा वर्षांपूर्वी तरी होता.

दुपारी डॉक्टरांना फोन केला, गाडी कुणाकडून घेतली? म्हणाले, बंदराच्या गावी एक छापखानेवाले आहेत, त्यांच्याकडून. नंबर शोधून देतो. मी म्हटलं, घाई नाही. वायरीची जाडी विचारायची होती फक्त.

वायरीची जाडी मोजायला माझ्याकडे तीन पट्ट्या आहेत.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

हात कामात, मन एकोणीस वर्षं मागे. लिहूनच टाकते.

बाबा गेले तेव्हा मी अठराची आणि दादा सत्तावीसचा. दुकान त्याच्या अंगावर पडलं. मला घरात चैन पडेना, म्हणून दुकानात जाऊन बसायचे. आई म्हणायची, मुलीच्या जातीला हे काम नाही. दादा म्हणायचा, "असू दे गं, तिची मदत होते." मदत कसली! दादा डॅशबोर्डखाली उताणा पडणार, मी वर टॉर्च धरणार. तो दोन बोटांत वायर धरून बाहेर काढणार आणि विचारणार, "छोटे, रंग?" मी सांगायचे, लाल. "ही?" तपकिरी. "आणि ही?" हिरवी. की तो जोडणार. त्याला खाली पडून नीट दिसत नसेल असं नाही, टॉर्च त्याच्या डोक्यावरच असायचा. पण मला वाटायचं, माझा लाड चाललाय. बहिणीला वाटलं पाहिजे की तिचंही काही काम आहे. त्या एका "छोटे, रंग?" वर मी वीस वर्षं हुरळून काढली. माझं लग्न झालं तरी रोज सकाळी दुकानात हजर. हे तेव्हाच म्हणायचे, तू लग्न माझ्याशी केलंस की दुकानाशी.

मग तो ताप. तीन दिवस मी अंथरुणात. दादाचे दोन निरोप, छोटी येतेय का? मला वाटलं, एका माणसावाचून काय अडलंय. चौथ्या दिवशी गेले तर दुकानापुढे गर्दी. आदल्या दिवशी दादाने दुरुस्त करून दिलेली गाडी चौकात पेटली होती. सीट जळली, मालकाचा हात कोपरापर्यंत भाजला. मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. फ्यूजमधून यायची ती हिरवी सोडून थेट बॅटरीची लाल वायर दिव्याला जोडलेली. इतकी ढोबळ चूक! माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. भर रस्त्यात, मालकासमोर, सगळ्या गल्लीसमोर. म्हटलं, "लाल कुठली, हिरवी कुठली, हे बालवाडीतल्या पोराला कळतं! तुला कळत नाही?"

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग हळू म्हणाला, "हे तू बोललीस, छोटे?"

एवढंच. मला वाटलं, पुरुषाचा अहंकार. बहीण चारचौघांत बोलली म्हणून नाकाला मिरच्या झोंबल्या. आठवड्याने दुकानाची किल्ली आईच्या हातात देऊन गेला. मालकाच्या औषधपाण्याचं सगळं केलं आणि गेला. आधी मी म्हटलं, चूक त्याची, येईल शेपूट घालून. पहिलं वर्ष मी रागात काढलं. दुसऱ्या वर्षी शोधायला लागले. तोवर माग पुसला गेला होता. आई त्याचं नाव घेतच गेली.

सोमवार, ९ सप्टेंबर

आज स्वतःची चांगली फजिती करून घेतली.

बॉनेटखालचा जुडगा उलगडला. दोरा कापवेना, सुईने गाठ सोडवत बसले. आत बघते तर काय, वायरींवर बारीक काळ्या दोऱ्याच्या गाठी. एकीवर एक, एकीवर दोन, एकीवर तीन. दर वीतभर अंतरावर, अगदी टोकापर्यंत. हे आमच्या दुकानात कधी नव्हतं. नवीनच थेर. बरं, गाठी मारायच्या तर सगळ्यांना मार. निळी, पिवळी, पांढरी, काळी, यांना एकही नाही. फक्त लाल, हिरव्या आणि तपकिरी वायरींना. कंटाळा आला असेल मध्येच.

गाठींकडे दुर्लक्ष केलं आणि आमच्या दुकानाच्या रीतीने गेले. अपरला निळी, डिपरला लाल. दोन्ही जोडल्या रिलेला. अपर ठीक. डिपरचा स्विच दाबला, ढिम्म. पुन्हा दाबला, ढिम्म. वैतागून भोंग्यावर हात मारला, तर भोंगा वाजला आणि दोन्ही दिवे लख्ख लागले!

हे नेमके डबा घेऊन दारात उभे. पोट धरून हसले. "वा! आता रस्ता बघायचा तर भोंगा वाजवत जायचं. डॉक्टर खूश होतील."

मग एकेक वायर बोटाने चाचपत मागे गेले. दिव्यापासून निघालेली डिपरची वायर आधी लाल, हातभर पुढे तिला हिरवी जोडलेली, आणखी पुढे तपकिरी. जोड असा सुबक की दृष्ट लागावी, आणि रंग मात्र तीन! गाठ तेवढी सगळीकडे एकच. आणि मी जी लाल धरली होती तिच्यावर तीन गाठी. ती भोंग्याची. गाठी मोजत गेले तर सगळं पहिल्या झटक्यात बरोबर लागलं. काम चोख आहे हो, पण रंगांची ही खिचडी? ज्या माणसाने मला नीटनेटकेपणा शिकवला, त्याने हाताला येईल तो तुकडा जोडावा? वाईट वाटलं. एकटा पडला, वय झालं, काळजी घेईनासा झाला. कुणी सांगणारं नाही जवळ.

मी असते तर सांगितलं असतं.

मंगळवार, १० सप्टेंबर

पाऊस नाही, गिऱ्हाईक नाही. दिवसभर त्या जुडग्याशी बसले. काही केलं नाही. नुसती बसले.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

डॉक्टरांनी छापखानेवाल्यांचा नंबर दिला. तीन दिवस कागद पर्समध्ये घेऊन फिरले. आज लावला.

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात तसं झालं. आधी गाडीचं मायलेज विचारलं. मग टायर विचारले. छापखानेवाले भले गृहस्थ, सगळं सांगत बसले. शेवटी जमेल तितक्या सहज विचारलं, वायरिंग कुणी केलंय?

"तो? गाठवाला," म्हणाले. "बर्फाच्या कारखान्यामागे बसतो. सगळे गाठवालाच म्हणतात. कामाला एक नंबर. बोलत नाही फारसा."

"एकटाच असतो?"

"एकटाच. मदतीला माणूस ठेव म्हटलं तर म्हणतो, नको, सवय लागते."

मी फोन ठेवला. नीट निरोपसुद्धा घेतला नाही. काय म्हणत असतील.

आहे. दादा आहे. चार तासांच्या अंतरावर बसून वायरी जोडतोय आणि मी एकोणीस वर्षं इथे. संध्याकाळी यांना सांगितलं. हे म्हणाले, "उद्याच जा." मी म्हटलं, जाऊन काय सांगू? गेला तो. मी नाही घालवला. हे गप्प बसले की मला समजतं यांना काय म्हणायचंय ते, म्हणून जास्तच राग येतो.

त्याला भेटायचंय. हे कबूल करायला दहा दिवस आणि दहा पानं लागली. त्याने मला दारातून परत पाठवलं तर काय, एवढीच भीती आहे.

मंगळवार, १७ सप्टेंबर

लायसन्स नव्याने करून आणायला हे आज गेले होते. साठीनंतर डोळे तपासतात. आल्यावर चहा पिता पिता गंमत सांगत होते. ठिपक्यांचं एक पुस्तक असतं, हिरव्या ठिपक्यांच्या घोळक्यात लाल ठिपक्यांचा आकडा. तो वाचायचा. यांच्या पुढे एक माणूस उभा होता, चाळिशीचा, पहिल्यांदाच लायसन्स काढायला आलेला. त्याला एकही आकडा दिसेना. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाला, कसला आकडा? सगळे ठिपके तर एकाच रंगाचे.

"जन्मापासून तसं असतं म्हणे," हे म्हणाले. "लाल, हिरवं, तपकिरी, सगळं सारखंच दिसतं. बिचाऱ्याला ओशाळल्यासारखं झालं. निळं-पिवळं बरोबर सांगत होता."

माझ्या हातातला कप खाली ठेवला मी.

लाल, हिरवं, तपकिरी.

आई दादाला टोमॅटो आणायला पाठवायची नाही. अर्धे कच्चे आणायचा. आई म्हणायची, लक्ष नसतं मेल्याचं. जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या, पण गाडी कधी चालवली नाही. गिऱ्हाइकाची गाडी फिरवून बघायला नेहमी मला बसवायचा. मी सगळ्यांना सांगायचे, आमचा दादा भित्रा आहे. स्वतःसाठी शर्ट घ्यायला गेला की मला बरोबर न्यायचा.

छोटे, रंग?

काखेत कळसा आणि गावाला वळसा. वीस वर्षं मी त्याच्या डोक्यावर टॉर्च धरून उभी होते आणि मला दिसलं नाही. आणि ज्या तीन दिवसांत मी नव्हते, त्या तीन दिवसांत त्याने एकट्याने... आणि मी काय बोलले त्याला! बालवाडीतलं पोर म्हणाले.

मी रडले. यांना सांगितलं सगळं. यांनी माझा हात धरून ठेवला, बराच वेळ.

बुधवार, १८ सप्टेंबर

कालचं दुःख एक, आजचं वेगळं.

सकाळपासून एकच विचार. म्हणजे तो लाड नव्हता. त्याला माझ्या डोळ्यांची गरज होती. दुसरं कुणी रंग सांगणारं मिळालं असतं तर मी घरी बसले असते का? मी ज्याला माया समजत आले ती नड होती. आता त्याने गाठी शोधल्या, माझी नड संपली. मी आता तिथे जाऊन काय होणार? पन्नाशी उलटलेली बाई, अशी कुढत बसलेय. हसावं की रडावं. पण हे दुखतंय खरं, आणि ही वही काही कुणाला दाखवायची नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

म्हातारीचं काम संपलं.

जुनी वायर एकही काढली नाही. डॉक्टरांनी हट्ट केला, सगळं नवं घाला. मी म्हटलं, या वायरीत खोट नाही, तिच्यावर नको तितका भार टाकला होता. भार काढलाय, आता अजून तीस वर्षं जाईल. नव्या जाड वायरी टाकल्या, दोन फ्यूज, दोन रिले, होल्डर नवे. रेडिएटरशेजारचा अर्थचा स्क्रू गंजून पत्र्याशी एकजीव झाला होता, तो काढून पत्रा घासून चकचकीत केला. मीटर लावला, होल्डरवर बारा व्होल्टच्या वर. नव्या वायरींनाही दादाच्या हिशोबाने गाठी मारल्या. डिपरला एक. मागे वीतभर जास्त वायर ठेवली.

भरदुपारी शटर पूर्ण ओढून अंधार केला. डॉक्टर आत, मी आत. स्विच लावला. समोरच्या भिंतीवर बाबांच्या वेळेपासूनचे सगळे डाग, खिळे, भोकं स्वच्छ दिसली. डॉक्टर टाळ्या वाजवायला लागले. मग वाकून विचारलं, "ताई, या गाठी कशाला?"

"एका वायरमनला सोपं जावं म्हणून," मी म्हटलं.

मंगळवार, २४ सप्टेंबर

स्टँडवर गेले. बंदराच्या बसमध्ये बसलेसुद्धा, खिडकीशी. कंडक्टर तिकिटाला आला तशी उतरले आणि परत आले. यांना वाटलं, पर्स विसरली. मी हो म्हटलं.

गुरुवार, २६ सप्टेंबर

आज हे स्वतः स्टँडवर आले आणि बस सुटेपर्यंत दारात उभे राहिले. पहारेकरी.

बर्फाच्या कारखान्यामागे ओळीने पाच दुकानं. शेवटचं त्याचं. पाटी नाही. आत टेबल, भिंतीवर वायरींची भेंडोळी, एक लांब बाक. दादा बाकावर बसून दोऱ्याला मेण लावत होता. केस सगळे पांढरे. डोळ्यांवर दोरी लावलेला चष्मा. वाळलाय. मी दारात उभी राहिले तेव्हा त्याने मान वर केली. ओळखलं. ओळखायला क्षणही लागला नाही त्याला.

"ये," म्हणाला.

बसमध्ये चार तास घोकलेलं सगळं पार उडालं. मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी मी जे बोलले..."

त्याने हाताने थांबवलं. दोरा बाजूला ठेवला. "एकच विचारायचंय," म्हणाला. "एकोणीस वर्षं विचारायचंय. वीस वर्षं तू सांभाळलंस मला. कुणाला पत्ता लागू दिला नाहीस, आईलासुद्धा नाही. कधी एका शब्दाने मला लाज वाटू दिली नाहीस. मी म्हणायचो, अशी बहीण कुणाला मिळत नाही. आणि मग भर रस्त्यात सगळ्या गावाला ओरडून सांगितलंस. का गं, छोटे?"

तेव्हा मला कळलं. त्याला वाटत होतं, मला सगळं ठाऊक होतं.

खोटं बोलावंसं वाटलं. हो म्हणावं, ठाऊक होतं, ताप होता, डोकं फिरलं, माफ कर. त्याची ती वीस वर्षं तशीच राहिली असती त्याच्यापाशी. तोंड उघडलंही मी. पण त्याच्यासमोर मला कधी खोटं बोलता आलं नाही.

"दादा, मला माहीतच नव्हतं," मी म्हटलं. "मागच्या आठवड्यात कळलं."

"मागच्या आठवड्यात?"

"हो."

त्याने चष्मा काढला. "मग वीस वर्षं तू काय करत होतीस?"

"तू रंग विचारायचास, मी सांगायचे. मला वाटायचं, तू माझे लाड करतोस. मला दुकानात बसायला निमित्त हवं म्हणून विचारतोस."

"मला वाटायचं, तू मला सांभाळून घेतेस."

बाहेर कुणीतरी बर्फाच्या लाद्या ओढत होतं. दादा उठला आणि मागच्या नळावर गेला. नळ बराच वेळ चालू होता. मी बाकावर बसून राहिले. मला वाटलं, संपलं. त्याच्याकडे एक गोष्ट होती जपून ठेवलेली, ती मी काढून घेतली. परत आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि हातात दोन कप चहा. म्हणाला, "साखर कमी आहे." आईचं विचारलं. मी सांगितलं, शेवटपर्यंत वाट बघत होती. तो मान खाली घालून ऐकत होता. यांचं विचारलं. डॉक्टरांच्या गाडीचं विचारलं, रिले कुठे बसवलेस, फ्यूज किती अँपिअरचे. बरोबर केलंस म्हणाला. माफ केलं वगैरे काही म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

मग एक गिऱ्हाईक आलं, एक टेम्पो. दादा डॅशबोर्डखाली शिरला. मी सवयीने टॉर्च उचलला आणि धरला. त्याला नको होता. जुडग्यावर बोटं फिरवत तो गाठी मोजत होता, एक, दोन, दोन, तीन, आणि हात सरळ पाहिजे त्या वायरीवर जात होता. माझ्या वेळेपेक्षा झपाट्याने करतो आता. एकदाही काही विचारलं नाही. मी टॉर्च खाली ठेवला.

पाच वाजले. मी म्हटलं, "निघते दादा. साडेपाचची शेवटची बस आहे."

खालून आवाज आला, "थांब."

"काही धरायचंय का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. थांब."

हे त्याच्याच बाकावर बसून लिहितेय. तो अजून टेम्पोच्या डॅशबोर्डखाली आहे, नुसते पाय दिसतायत. साडेपाच होऊन गेले. मघाशी यांना फोन केला, म्हटलं, आज येत नाही, इथेच राहते.

यांनी विचारलं, "का, काही काम निघालं?"

म्हटलं, नाही. काहीच काम नाही.